थिनरचा वास आणि धातूंच्या ऑक्साइडांचे अतिसूक्ष्म कण

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत धम्मावर, बाबासाहेबांच्या कार्यावर व चळवळीवर लेख असतात आणि ते असलेच पाहिजेत. परंतु संस्थेच्या सभासदांची यादी एकदा बारकाईने पाहिली तर काय दिसते? कोणी पेंट शॉपमध्ये आहे, कोणी स्क्रीन प्रिंटिंगमध्ये, कोणी फर्निचरला पॉलिश मारतो, कोणी औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे रोजंदारीवर आहे. या सर्वांच्या कपड्यांना संध्याकाळी एकच वास येतो. घरातली मंडळी त्याला ‘थिनरचा वास’ म्हणतात. तेव्हा यंदा या वासाविषयीच लिहावे असे आम्ही ठरविले. हा वास म्हणजे नेमके काय, तो नष्ट करता येतो काय, आणि त्यासाठी आज शास्त्रज्ञ धातूंच्या ऑक्साइडांचे जे अतिसूक्ष्म कण तयार करीत आहेत ते कसे काम करतात, एवढाच या लेखाचा विषय आहे. विषय रसायनशास्त्राचा असला तरी दहावी झालेल्या कोणाही उपासक-उपासिकेस समजेल असा लिहिण्याचा प्रयत्न केला आहे.

तथागतांनी कालामांना केलेला उपदेश आपणा सर्वांना माहीत आहे. परंपरेने चालत आले म्हणून, किंवा मोठ्या माणसाने सांगितले म्हणून एखादी गोष्ट मान्य करू नका, ती स्वतः तपासा, असा त्याचा आशय. कारखान्यांत अशीच एक परंपरेने चालत आलेली गोष्ट आहे. नवा पोरगा पहिल्या दिवशी डोके दुखते म्हणून तक्रार करतो, तेव्हा जुना कामगार त्याला सांगतो, “काही होत नाही रे, आठ दिवसांत सवय होते.” आठ दिवसांत सवय होते हे खरे आहे. पण सवय नाकाला होते, रक्ताला होत नाही.

थिनर, रबर सोल्यूशन, छपाईची शाई, रंग यांत जे द्रव असतात त्यांपैकी बरेच ‘ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन’ या कुळातले. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांना ‘सुगंधी’ म्हटले जाई. नाव फसवे आहे. आरंभी या कुळातील जे पदार्थ सापडले त्यांपैकी काहींना गोड वास होता म्हणून हे नाव पडले, इतकेच. यांचे मुख्य लक्षण म्हणजे कार्बनच्या सहा अणूंचे कडे. नुसते कडे, आणि प्रत्येक कार्बनला हायड्रोजनचा एक अणू, म्हणजे बेंझीन. त्या कड्याला एक मेथिल गट जोडला की टोल्यूइन. दोन जोडले की झायलीन, आणि ते दोन गट कोठे बसले आहेत त्यावरून ऑर्थो, मेटा व पॅरा असे त्याचे तीन प्रकार. दोन कडी एकमेकांना चिकटली की नॅफ्थलीन, म्हणजे कपड्यांत ठेवतात ती डांबराची गोळी. पूर्वी हे सारे पदार्थ दगडी कोळशाच्या डांबरापासून काढीत, आता बहुतांशी पेट्रोलियमपासून.

या कड्याची बांधणी अत्यंत भक्कम असते. सहा कार्बन अणूंनी आपले काही इलेक्ट्रॉन सामाईक केलेले असतात, कोणा एकाचे म्हणून ते नसतात. त्यामुळे एकट्या अणूला फोडून बाहेर काढणे अवघड जाते. (एकीचे बळ म्हणतात ते हे. पण येथे ते आपल्या विरुद्ध उभे आहे.) टोल्यूइन त्यामानाने सोपे, कारण त्याला जोडलेला मेथिल गट हा कढईच्या कडीसारखा आहे. कडी धरता येते. बेंझीन म्हणजे कडी नसलेली तापलेली कढई. तिला धरावे कोठे, हाच प्रश्न. धातूंच्या बहुतेक ऑक्साइडांवर बेंझीन हे टोल्यूइनपेक्षा अधिक तापमानाला जळते, त्याचे साधे कारण हे आहे.

आता आरोग्याचे पाहू. टोल्यूइन व झायलीन यांनी डोके जड होते, मळमळते, झोप येते, वर्षानुवर्षे हुंगल्यास मज्जासंस्थेवर परिणाम होतो. बेंझीनची गोष्ट याहून गंभीर आहे. ते शरीरात गेल्यावर यकृतात त्याचे रूपांतर होऊन जे पदार्थ तयार होतात ते हाडांच्या आतील मज्जेला, जेथे आपले रक्त तयार होते तेथे, इजा करतात. प्रथम रक्तपेशी कमी होतात, आणि पुढे काहींना रक्ताचा कर्करोग होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बेंझीनला पहिल्या गटात, म्हणजे माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातले आहे.

हे जगाला पटविणाऱ्यांमध्ये इस्तंबूलचे डॉक्टर मुझफ्फर अक्सॉय यांचे नाव घ्यावे लागेल. तुर्कस्तानातील लहानलहान, खिडक्या नसलेल्या खोल्यांत बूट बनविणारे कारागीर बेंझीन असलेला चिकटपदार्थ वापरीत. त्यांच्यातील रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण अक्सॉय यांनी मोजले आणि १९७४ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. सुमारे २८,५०० बूट कारागिरांमागे २६ रुग्ण, आणि हे प्रमाण सामान्य लोकांतील प्रमाणाच्या कितीतरी पुढे. आम्ही हा आकडा प्रथम वाचला तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे इस्तंबूल आले नाही, आग्रा आले. आग्र्याच्या जाटव वस्त्यांत घराघरात बूट शिवले जातात. बाबासाहेब तेथे १८ मार्च १९५६ रोजी गेले होते व तेथील समाजाने पुढे मोठ्या संख्येने धम्म स्वीकारला. धारावीत चामड्याचे काम आजही चालते. आज चिकटपदार्थांत शुद्ध बेंझीन घालीत नाहीत, त्याच्या जागी टोल्यूइन व इतर द्रव आले आहेत. परंतु बाजारी दर्जाच्या टोल्यूइनमध्येही थोडेफार बेंझीन राहू शकते, हे लक्षात ठेवावे.

हवेत गेलेली ही वाफ नष्ट कशी करावी? उत्तर अगदी जुने आहे: जाळावी. टोल्यूइनच्या एका रेणूत कार्बनचे ७ व हायड्रोजनचे ८ अणू असतात. त्याला प्राणवायूचे ९ रेणू मिळाले तर कार्बन डायऑक्साइडचे ७ व पाण्याचे ४ रेणू तयार होतात, बाकी काही उरत नाही. कागदावर हे फार सुटसुटीत दिसते. अडचण अशी की कारखान्याच्या धुराड्यातील हवेत टोल्यूइन दहा हजार भागांत दहा-पाच भाग इतके विरळ असते. इतकी विरळ वाफ आपण होऊन पेटत नाही. ती पेटविण्यासाठी सगळी हवाच ७५० ते ८५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. म्हणजे थोड्याशा वाफेसाठी खोलीभर हवा तापवायची, त्यासाठी वायू किंवा डिझेल जाळायचे, आणि त्या इंधनाचा धूर वेगळाच. मालक म्हणतो परवडत नाही, आणि या एका बाबतीत तो सर्वस्वी खोटे बोलत नाही.

येथे उत्प्रेरकाचा संबंध येतो. उत्प्रेरक म्हणजे रासायनिक क्रिया लवकर व कमी तापमानाला घडवून आणणारा, पण शेवटी स्वतः जसाच्या तसा राहणारा पदार्थ. योग्य उत्प्रेरकावरून तीच हवा नेली तर तेच काम २०० ते ४०० अंशांत होते.

धातूंची ऑक्साइडे या कामी कशी आली याचा इतिहास फार मनोरंजक आहे, आणि तो आपल्या देशाशीही जोडलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील बी.ए.एस.एफ. या कंपनीचे रसायनज्ञ कृत्रिम नीळ बनविण्याच्या मागे होते. त्यासाठी त्यांना नॅफ्थलीनचे ऑक्सिडीकरण करून थॅलिक ॲनहायड्राइड हा पदार्थ हवा होता. सल्फ्युरिक आम्लात नॅफ्थलीन तापवीत असता थर्मामीटर फुटला, पारा आत सांडला, आणि जी क्रिया रेंगाळत होती ती झपाट्याने झाली, असे सांगतात. पारा उत्प्रेरक ठरला. १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आली व बिहार-बंगालमधील निळीच्या शेतीचा पाया खचू लागला. १९१७ साली चंपारण्यात जो लढा झाला त्यामागे ही नीळ होती. म्हणजे एका उत्प्रेरकाच्या शोधाचा धक्का हजारो कोस दूरच्या कुळांना बसला. रसायनशास्त्र हे प्रयोगशाळेच्या चार भिंतींत राहत नाही ते असे.

पारा विषारी व आम्ल महाग. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत गिब्ज व कॉनोव्हर यांनी आणि जर्मनीत व्होल यांनी नवी पद्धत काढली. नॅफ्थलीनची वाफ हवेत मिसळून व्हॅनेडियम धातूच्या ऑक्साइडावरून न्यायची. आम्ल नको, पारा नको, फक्त हवा. हीच पद्धत आजही चालू आहे, फक्त नॅफ्थलीनच्या जागी बहुतांशी ऑर्थो-झायलीन आले. आपल्याकडे रायगड जिल्ह्यातील तळोजा येथे हा माल तयार होतो. त्यापासून प्लॅस्टिक मऊ करणारे तेल बनते, जे पावसाळी चपलेत व विजेच्या वायरीच्या आवरणात असते, आणि रंगासाठी लागणारे राळेसारखे पदार्थही बनतात.

या कारखान्यातील भट्टी पाहण्यासारखी असते. बोटाच्या दोन पेरांएवढ्या व्यासाच्या हजारो उभ्या नळ्या, प्रत्येकीत शिरगोळ्यासारख्या दगडाच्या छोट्या कड्या भरलेल्या, आणि त्या कड्यांवर टायटॅनियम व व्हॅनेडियम यांच्या ऑक्साइडांचा पातळ लेप. नळ्यांभोवती वितळलेले क्षार खेळत असतात, कारण ही क्रिया इतकी उष्णता देते की ती सतत काढून घेतली नाही तर सगळे झायलीन जळून जाईल. तरीही काही जळतेच. हिशेबाने १०० किलो ऑर्थो-झायलीनपासून सुमारे १४० किलो माल मिळावयास हवा, कारण हवेतला प्राणवायू त्याला जोडला जातो. प्रत्यक्षात ११० किलोंच्या आसपास मिळतो. बाकीचे पुढे जाऊन कार्बन डायऑक्साइड होते.

एकच कुळ, एकच हवा, पण हेतू दोन. तळोजाच्या भट्टीला क्रिया अर्ध्या वाटेवर थांबवायची असते. धुराड्यावरच्या उत्प्रेरकाला ती शेवटपर्यंत न्यायची असते. आमच्या मते दुसरे काम पहिल्यापेक्षा सोपे असूनही त्याकडे कमी लक्ष गेले, कारण पहिल्यातून माल मिळतो व दुसऱ्यातून फक्त स्वच्छ हवा.

हे ऑक्साइड काम कसे करते? पुष्कळांना वाटते की हवेतील प्राणवायू सरळ वाफेवर तुटून पडतो व उत्प्रेरक नुसती जागा देतो. १९५४ साली मार्स व व्हान क्रेव्हेलेन या दोघा डच संशोधकांनी व्हॅनेडियम ऑक्साइडावर बेंझीन, टोल्यूइन, नॅफ्थलीन यांच्या क्रियेचा अभ्यास करून निराळेच चित्र मांडले. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आपली संस्था पाणी वाटपाचा स्टॉल लावते, त्याचे उदाहरण घेऊ. रांगेतल्या माणसाला कार्यकर्ता जो पेला देतो तो टेबलावर आधीच भरून ठेवलेला असतो. पेला उचलला की टेबलावर जागा रिकामी होते. मागे उभा असलेला दुसरा कार्यकर्ता टँकरच्या पाण्याने नवा पेला भरून त्या जागी ठेवतो. रांगेतला माणूस टँकरपर्यंत कधी जातच नाही.

अगदी असेच. टोल्यूइनचा रेणू ऑक्साइडाच्या पृष्ठभागाला चिकटतो व त्या घन पदार्थाच्या स्वतःच्या जाळीतला प्राणवायू उचलतो. तेथे एक रिकामी जागा पडते, आणि धातूचा अणू इलेक्ट्रॉन घेऊन खालच्या अवस्थेला येतो. नंतर हवेतला प्राणवायू येऊन ती जागा भरतो व धातू पूर्ववत होतो. मागचा कार्यकर्ता मंद असेल तर टेबल रिकामे पडते. पेले टेबलाला चिकटून बसले असतील तर रांग खोळंबते. तेव्हा चांगला उत्प्रेरक म्हणजे ज्याच्या पृष्ठभागावरून प्राणवायू सहज सुटतो आणि तितक्याच सहज परत बसतो असे ऑक्साइड. मँगॅनीज, कोबाल्ट, तांबे, सेरियम हे धातू या कामी नामांकित आहेत, कारण ते एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत सहज ये-जा करतात. सेरियम ऑक्साइड मोटारगाड्यांच्या धुराड्यातील उत्प्रेरकात प्राणवायूचे कोठार म्हणून पूर्वीपासून वापरात आहे. आणि मँगॅनीज व तांबे यांच्या ऑक्साइडांचे ‘हॉपकॅलाइट’ नावाचे मिश्रण तर पहिल्या महायुद्धापासून विषारी कार्बन मोनॉक्साइडपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांत भरले गेले.

मग यात अतिसूक्ष्म कणांचे नवे काय? क्रिया पृष्ठभागावर होते, हे एकदा ध्यानी आले की बाकी हिशेब आपोआप सुचतो. खड्याच्या पोटातले अणू बिनकामाचे, बाहेरचे तेवढे कामाचे. एक सेंटिमीटर बाजूचा ऑक्साइडाचा ठोकळा घ्या. त्याचे सहा पृष्ठ मिळून ६ चौरस सेंटिमीटर. आता त्याचेच तुकडे करीत प्रत्येक तुकडा १० नॅनोमीटर बाजूचा झाला असे धरा. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. सर्व तुकड्यांचे पृष्ठ मिळून होते ६०० चौरस मीटर. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. म्हणजे बोराएवढ्या त्या ठोकळ्यातून साडेचार मैदानांइतका पृष्ठभाग निघाला, माल एक कणही न वाढविता.

पण एवढेच असते तर नॅनो म्हणजे फक्त बारीक दळण असे म्हणता आले असते. खरी गंमत पुढे आहे. इतक्या लहान कणाच्या कडा व कोपरे यांवरील अणूंना शेजारी कमी असतात, त्यामुळे त्यांना बांधून ठेवणारी पकडही सैल असते आणि त्यांच्याजवळचा प्राणवायू लवकर सुटतो. शिवाय कणाचा आकारही बोलू लागतो. एकाच सेरियम ऑक्साइडाच्या कांड्या, घन व अष्टफलक असे निरनिराळे कण बनविता येतात. रासायनिक सूत्र एकच, पण प्रत्येकाच्या बाहेर येणारा पृष्ठ वेगळा, त्यावरील अणूंची मांडणी वेगळी, आणि म्हणून कामही वेगळे. २००९ साली चीन व जपानमधील संशोधकांनी कोबाल्ट ऑक्साइडाच्या अतिसूक्ष्म कांड्या बनवून दाखविल्या. त्या कांड्यांवर कार्बन मोनॉक्साइड शून्याखाली ७७ अंशांतही जळत होता. तो वायू ॲरोमॅटिक नव्हे आणि बेंझीनला इतक्या थंडीत जाळणे कोणास साधलेले नाही. परंतु महाग प्लॅटिनमशिवाय, केवळ कणाला योग्य आकार देऊन किती मजल मारता येते हे त्यातून दिसले, आणि नंतर टोल्यूइन व बेंझीनसाठी अशाच कांड्या, पत्रे, पोकळ गोल बनविण्याची लाट आली. आज प्रयोगशाळेत मँगॅनीज किंवा कोबाल्टच्या चांगल्या अतिसूक्ष्म ऑक्साइडावर टोल्यूइन २०० ते ३०० अंशांच्या पट्ट्यात जवळजवळ पूर्ण जळते.

हे कण बनविण्यास फार मोठी यंत्रे लागतात असेही नाही. पोटॅशियम परमँगॅनेट, ज्याने आपण भाजी धुतो, त्याचे द्रावण व मँगॅनीज सल्फेटचे द्रावण गरम अवस्थेत एकत्र केले की मँगॅनीज डायऑक्साइडाचा तपकिरी-काळा साका बसतो. तोच पोलादी बंद भांड्यात १४० अंशांच्या आसपास काही तास ठेवला तर त्याच्या सुईसारख्या कांड्या वाढतात. भांड्यात आम्ल किती, वेळ किती, पोटॅशियम किती यावर कांडीची जाडी ठरते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बी.एस्सी.चा विद्यार्थी हे करू शकतो. त्या कांड्या दिसण्यास मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, आणि तेथे आपल्या मुलांची वाट अडते. तो विद्यापीठात असतो, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी असतो, आणि तेथे पोहोचण्यास मार्गदर्शक लागतो.

मँगॅनीजची गोष्ट आम्हांस विशेष वाटते. प्लॅटिनम व पॅलेडियम आपण बाहेरून आणतो. मँगॅनीज नागपूर व भंडारा जिल्ह्यांत आणि शेजारच्या बालाघाटात जमिनीतून निघते. दीक्षाभूमी ज्या शहरात आहे त्याच शहरात मॉइल या सरकारी खाण कंपनीचे मुख्य कार्यालय आहे. आजवर या दगडाचा उपयोग मुख्यतः पोलादासाठी झाला. त्यातलाच थोडासा भाग शुद्ध करून धुराड्यांवर बसविता आला तर ती काही लहान गोष्ट नव्हे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे औषधाच्या जाहिरातीसारखा होईल. आम्ही काही वर्षे एका कारखान्यात होतो, नाव सांगण्याचे कारण नाही. कापडावर लेप चढवून ते भट्टीत वाळवीत व भट्टीच्या धुराड्यावर उत्प्रेरकाची पेटी होती. दिवसपाळीत साहेब लोक असत तेव्हा पेटी ठरल्या तापमानाला चाले. रात्रपाळीत गॅस वाचावा म्हणून तापमान खाली आणीत. पहाटे त्या आवारात कडू बदामासारखा वास सुटे. कामगारांना तो आवडे, कोणी म्हणे शेजारी मिठाईचा कारखाना निघाला वाटते. तो वास बेंझाल्डिहाइडचा होता. टोल्यूइन पुरते न जळता अर्ध्या वाटेवर थांबले की ते तयार होते. म्हणजे उत्प्रेरक होता, पेटी होती, कागदावर सर्व ठीक होते, आणि बाहेर पडत होते ते भलतेच. पुढे ती पेटी कायमचीच मंदावली. लेपात फेस येऊ नये म्हणून सिलिकोनयुक्त पदार्थ घालीत. तो जळून त्याची काचेसारखी साय उत्प्रेरकावर धरली आणि टेबलच झाकले गेले. पेटी बदलावयास दीड वर्ष लागले, आणि त्या काळात नोंदवहीत मात्र रोजचे तापमान लिहिले जात होते.

अतिसूक्ष्म कणांना असले आजार अधिक जडतात. तापमान फार चढले की शेजारचे कण एकमेकांत मिसळून मोठे होतात, थंडीत खोबरेल तेलाचे थेंब एकत्र गोठावेत तसे, आणि साडेचार मैदानांचे पुन्हा अंगण होते. गंधक व क्लोरिन असलेल्या वाफा धातूला जखडून ठेवतात. हवेत दमटपणा असेल तर पाण्याचे रेणूच जागा अडवून बसतात, आणि कोकणातील पावसाळ्यात दमटपणाला तोटा नाही. प्रयोगशाळेत चिमूटभर पूड काचेच्या नळीत घालून कोरडी, स्वच्छ हवा व एकच वाफ सोडतात. कारखान्यात पाच वाफा, धूळ, तेलाचा अंश आणि तासागणिक बदलणारे प्रमाण असते. पूड तशीच भरली तर हवा जाणार नाही, म्हणून ती मधाच्या पोळ्यासारखी भोके असलेल्या विटेवर घट्ट बसवावी लागते, आणि ती तेथून सुटणार नाही याची खात्री वर्षानुवर्षे द्यावी लागते. शोधनिबंध हजारो आहेत, पण या शेवटच्या कामावर घाम गाळणारे थोडे.

आणखी एक गोष्ट. उत्प्रेरक धुराड्यावर असतो, कामगाराच्या नाकापाशी नसतो. डब्याचे झाकण उघडे असेल, ब्रश मारणाऱ्याच्या समोर हवा ओढून घेणारा हूड नसेल, तर ती वाफ पेटीपर्यंत जाण्यापूर्वी माणसाच्या छातीत जाते. मग पेटीतले कण कितीही सूक्ष्म असोत. म्हणून क्रम असा असावा: प्रथम कमी घातक द्रव वापरणे, मग हूड व पंखा, मग धुराड्यावर उत्प्रेरक. पुष्कळ ठिकाणी तिसरी गोष्ट प्रदूषण मंडळाला दाखविण्यासाठी होते आणि पहिल्या दोन राहून जातात. बाहेरच्या हवेसाठी आपल्या देशात २००९ पासून बेंझीनची वार्षिक मर्यादा एका घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम अशी ठरलेली आहे. कारखान्याच्या आत ती कोणी, कधी, कोणत्या यंत्राने मोजली, हे विचारणारा मात्र क्वचित भेटतो.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत होते, हे आपण दरवर्षी भाषणांत ऐकतो. कामाचे तास आठवड्याला ४८ वर आणण्याचे विधेयक त्यांच्याच काळातले. भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन घातक प्रक्रियांवर वेगळे प्रकरण आले व आपण कोणत्या पदार्थांत काम करतो याची माहिती मागण्याचा हक्क कामगाराला मिळाला. कायदे पुढे बदलत गेले. माहिती मागणारे हात फारसे वाढले नाहीत.

शेवटी, ज्यांचा विचार कोणत्याच शोधनिबंधात आम्हांस आढळला नाही त्यांच्याविषयी. उत्प्रेरक निकामी झाला की पेटी किंवा नळ्या रिकाम्या कराव्या लागतात. हे काम कायम कामगार करीत नाहीत. ते वार्षिक बंदच्या वेळी ठेकेदाराचे लोक करतात, आणि ते लोक कोणत्या वस्त्यांतून येतात हे आपणांस सांगावयास नको. व्हॅनेडियम ऑक्साइडाची धूळ श्वासनलिकेस जबर इजा करते. मँगॅनीजची धूळ दीर्घकाळ छातीत गेली तर मेंदूवर परिणाम होऊन हातपाय थरथरू लागतात. कण जितका सूक्ष्म तितका तो फुप्फुसात खोलवर जातो, तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवीत नाही. आपल्यापैकी कोणी अशा कामावर जात असेल तर त्याने तीन गोष्टी मागून घ्याव्यात: काढावयाच्या मालाचे नाव लिहून देणारा कागद, धूळ अडविणारा खरा मुखवटा, आणि कामापूर्वी व नंतर डॉक्टरी तपासणी. जे थिनर, सोल्यूशन यांत रोज काम करतात त्यांनी वर्षातून एकदा रक्तपेशींची मोजणी करून घ्यावी व जुने कागद फेकून न देता एका फाईलला लावावेत. एकट्या आकड्यावरून फारसे कळत नाही. गेल्या वर्षीपेक्षा पेशी कमी झाल्या काय, हे पाहावयाचे असते, आणि ते जुना कागद असल्याशिवाय डॉक्टरलाही सांगता येत नाही.